मागाचा पलंग

“आबा, हलू नको हं. माप चुकलं तर पाय बाहेर लोंबतील.”

आमचे हे असं म्हणाले आणि मला दमलेल्या जिवातसुद्धा हसू आलं. ज्या माणसाला नुसतं कुशीवर वळवायचं तरी मला पदर खोचून दोन्ही गुडघे टेकावे लागत होते, त्याला हे सांगत होते, हलू नको.

मामा जमिनीवर वाकळेवर उताणे पडले होते. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. मामांचं उजवं अंग वाऱ्यानं गेलं होतं. वाचाही गेली होती. उरला होता एकच शब्द, ‘छ्या’. भूक लागली तरी छ्या आणि पोट भरलं तरी छ्या. कुठला छ्या कशाचा हे ओळखायचं काम माझं. तसं बाकीचं तरी कुणाचं होतं? हे शेठच्या यंत्रमागावर लांबलचक पाळी करून यायचे आणि भाकरी खाऊन आडवे व्हायचे. आत्तींचे गुडघे धरलेले. त्यांना वाकता येत नव्हतं, आणि चुकून खाली बसल्याच तर दोघांनी उठवायला लागायचं. म्हणजे मामांचं न्हाणं, हगणं-मुतणं, कपडे, कूस बदलणं, भरवणं, सगळं जमिनीवर, आणि सगळं मालननं. मालन म्हणजे मी.

ह्यांनी कोऱ्या मांजरपाटाची एक लांब पट्टी मामांच्या अंगाखालून सरकवली आणि टाळूपासून टाचेपर्यंत ताणली. टाचेपुढं चार बोटं सोडून तिथं टर्रकन फाडली आणि खुंटीला अडकवली. घरात टेप नव्हता. कोष्ट्याच्या घरात माणूस काय, दार काय, सगळं कापडानंच मोजायची रीत.

“झालं. आता एवढ्या लांबीचा पलंग करतो बघ,” हे मला म्हणाले. “तू उभ्यानं करशील सगळं. वाकायचं नाव नको.”

“कशाचा करणार हायस?” आत्ती दारातनं म्हणाल्या. त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

“मागाचा.”

पुढच्या खोलीत मामांचा हातमाग होता. खड्ड्याचा माग. जमिनीत कमरेएवढा खड्डा असतो, विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खाली पावड्या दाबत वर कापड विणतो. गावात यंत्रमाग आले आणि हा माग गप झाला. मामा तरी रोज त्याला फडकं मारायचे. सागाचे खांब, कापड गुंडाळायचा जाड दांडा, बसायची फळी, सगळं हाताला गुळगुळीत लागायचं. पलंग विकत आणायची आमची ऐपत नव्हती. पण एवढं चांगलं लाकूड घरात उभं होतं.

“खांडेनवमीला ज्याला हळदकुंकू वाहिलं, त्याच्यावर करवत चालवणार व्हय रं गजा?”

“आई, मागाला कोण विचारतंय आता? आबाचं लाकूड आबाच्याच कामाला येईल.”

“आणि पलंगावरच त्यांचं काय झालं म्हंजे?”

ह्या भीतीमागची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. आत्तींचे वडील खाटेवर गेले. माणूस जायला लागला की त्याला खाली जमिनीवर घेतात. खाटेवरच जीव गेला तर तो अधांतरी राहतो, ना इथला ना तिथला, असं मानतात आमच्यात. आत्ती तेव्हा घरात एकट्या होत्या. वडिलांना घरघर लागली तसं त्यांनी उंबऱ्यात येऊन हाका मारल्या. गल्ली सगळी रानात सुगीला गेलेली. एकटीनं बापाला खाली घ्यायला बघितलं, ते काही जमलं नाही. हाका मारून मारून घसा बसला आणि बाप खाटेवरच गेला. घरात कुणाला ठसका लागला तरी आत्ती आधी तो माणूस कुठं निजलाय ते बघायच्या.

“अगं, कुठं मरायला लागलाय आबा?” हे म्हणाले. “आणि तशी वेळ आलीच तर आम्ही हाय की. उचलून घेऊ खाली.”

“तू पाळीवर असशील. ही एकटी. मी ही अशी. कोण उचलणार?”

मामा म्हणाले, “छ्या.” कुणाच्या बाजूनं म्हणाले ते मलाही कळलं नाही.

मी मधे बोलले नाही. सासू आणि नवऱ्याच्या मधे बोलायची आमच्यात तेव्हा पद्धत नव्हती. पण मला तो पलंग हवा होता. देवाशप्पथ सांगते, आयुष्यात मी कुठली वस्तू एवढी मागितली नसेल. आदल्या वर्षी माझं एक पोटातच गेलं होतं, घागर उचलताना. आणि आता मला पुन्हा दिवस गेले होते. ह्यांनाही सांगितलं नव्हतं. मागच्या खेपेला सांगितलं, त्यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि मग सगळ्या गल्लीनं येऊन सांत्वन केलं. ते मला परत सोसलं नसतं. म्हणून गप राहायचं, चार महिने उलटू द्यायचे आणि मग सांगायचं, असं ठरवलं होतं. पण मामा म्हणजे उंचापुरा गडी. निम्मं अंग मेलेलं माणूस दुप्पट जड होतं, हे करणाऱ्यालाच कळतं. रोज त्यांना काखेत धरून बसतं करताना मी मनात म्हणायची, बाळा, घट्ट धरून बस रे.

पुढच्या सुट्टीला ह्यांनी माग खोलला. करवत, पटाशी आणि रंधा मागून आणला होता. सुतारकाम ह्यांच्या बापजन्मी कुणी केलेलं नव्हतं. पहिल्या तासातच अंगठा फोडून घेतला.

“सुताराला बोलवा की,” मी म्हटलं.

“माग जोडायला कधी सुतार बोलवला नाही आबानं. मी पलंग जोडायला बोलवू?”

मामांना दाराच्या तोंडाशी ओढून ठेवलं होतं, दिसावं म्हणून. एकेक तुकडा निघाला की ह्यांनी त्यांना दाखवायचा. “आबा, हा उशाला घेऊ?” छ्या. “पायथ्याला?” छ्या. आत्ती भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. तीन खांब निघाले. चौथा जमिनीत असा रुतून बसलेला की पहार लावली, शिव्या घातल्या, तरी हलेना. मग त्याला तसाच खड्ड्याच्या कोपऱ्यात उभा सोडला आणि पलंगाचा चौथा पाय बाभळीचा केला.

रंधा फिरायला लागला तसा घरभर आंबूस वास सुटला. खळीचा वास. सुताला लावायच्या खळीनं ते लाकूड पिढ्यान्‌पिढ्या भिजलेलं होतं. मामांनी डोळे मिटले आणि नाकानं मोठा श्वास घेतला. आत्तींनीही घेतला. मी बघितलं.

खिळा मारायचा नाही, असा ह्यांचा हट्ट. मागाला खिळा नसतो. खोबणी पाडायच्या, खुंट्या ठोकायच्या. कापड गुंडाळायचा तो दांडा पायथ्याला आडवा घातला, त्यानंच सगळा सांगाडा आवळून धरला. पावड्या आणि बसायची फळी जोडून तळ झाला. प्रत्येक लाकूड कापताना हे खुंटीवरची पट्टी काढायचे, लावून बघायचे, परत अडकवायचे. चार-पाच सुट्ट्या त्यात गेल्या. काम ओबडधोबड झालं, पण पलंग दणकट झाला. ह्यांनी त्याच्यावर उड्या मारून दाखवल्या.

“बघ. दोन हत्ती निजतील.”

“एक निजला तरी बास,” मी म्हटलं.

मामांना वर घ्यायचा दिवस आला. ह्यांनी काखेत धरलं, मी पाय धरले. “हां, घे, घे, सांभाळ,” करत त्यांना एकदाचं वर ठेवलं आणि मी कमरेवर हात देऊन सरळ उभी राहिले. ते उभं राहणं मला अजून आठवतं. मामा माझ्या कमरेशी होते. हात लांब केला की लागत होते. मला वाटलं, सुटले बाई मी.

“छ्या! छ्या!” मामा ओरडायला लागले.

त्यांचं डोकं उशाच्या फळीला टेकलं होतं आणि टाचा पायथ्याच्या दांड्यावर चढल्या होत्या. उजव्या टाचेला आधीच जखम होती, ती नेमकी लाकडावर. गुडघे दुमडून घ्यावे तर उजवा दुमडत नव्हता. तिरकं ठेवलं तर ते घरंगळून कडेला आले. पलंग चांगला वीतभर आखूड होता.

खुंटीवरची पट्टी आणून ह्यांनी पलंगाला लावली. बरोबर. सुताचाही फरक नाही.

“पट्टी बरोबर, पलंग बरोबर. मग आबा काय वाढला व्हय?”

मी पट्टी हातात घेतली. मऊ लागली. कोरं मांजरपाट कडक असतं, हाताला खरखरतं. ही धुतलेली होती.

“ही कुणी धुतली?” मी विचारलं.

“मी,” आत्ती चुलीपुढनं म्हणाल्या. “मापं घेतली त्या दिवशी त्यांच्याखाली भिजली हुती. वास मारत हुती. धुतली आणि ठेवली जाग्यावर.”

हे मटकन खाली बसले. कोरं सुती कापड पहिल्या पाण्याला आटतं. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. आणि कोष्ट्याच्या पोटच्या माणसानं त्या पट्टीवर अख्खा पलंग कापला होता. “बापाचं नाव घालवलं मी,” असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पायथ्याचा दांडा काढावा तर सांगाडाच सुटणार. लांबी वाढवावी तर लाकूड शिल्लक नाही. कापलेलं काय वाढतंय?

“घ्या खाली,” आत्ती म्हणाल्या.

परत मामांना धरलं. खाली टेकवताना माझ्या ओटीपोटात कळ आली. मामांचे पाय मी सोडले नाहीत, नीट ठेवले. मग तिथंच बसले आणि रडायलाच लागले.

“मला होत नाही आता,” मी म्हटलं. “ऐकताय का? मला होत नाही. आणि हे पण गेलं ना, तर मी विहीर जवळ करीन.”

“हे पण म्हंजे?” हे म्हणाले. आणि मग त्यांना उमजलं. बिचाऱ्यांना माझ्या पाठीवर हात ठेवावा की आईपुढं ठेवू नये, तेही कळेना. शेवटी तांब्याभर पाणी आणून दिलं.

आत्ती माझ्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “गजा, अंगणात मुरूम कशाला आणून टाकलाय?”

“खड्डा बुजवायला. माग निघाला, आता खड्डा कशाला? रात्री-बेरात्री कुणीतरी पडायचं.”

“बुजवायचा न्हाई.”

“अगं पण—”

“न्हाई म्हटलं न्हवं? जा पाळीला.”

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती उन्हानं. लग्न झाल्यापासून एवढा वेळ कधी निजले नव्हते. धडपडून उठले. मामांना पुसायचं होतं, पेज करायची होती. मधल्या खोलीत गेले तर वाकळ नाही आणि मामाही नाहीत.

पुढच्या खोलीत आत्ती खड्ड्यात उभ्या होत्या.

कमरेपर्यंत खड्ड्यात, वरचं अंग बाहेर. मामांना त्यांनी वाकळेसकट, स्वतः बसल्या बसल्या मागं सरकत, सारवलेल्या जमिनीवरनं ओढत ओढत खड्ड्याच्या काठाशी आणलं होतं. वाकळ सरकते. उचलायची गरज नव्हती. मामा जमिनीवरच होते, पण आत्तींच्या बरोबर हाताशी, ओट्यावर परात ठेवावी तसे. बाजूला पाण्याची बादली. आत्ती ताठ उभं राहून त्यांची पाठ पुसत होत्या. गुडघा वाकत नव्हता आणि वाकवायची गरजही नव्हती.

“आत्ती, उतरलात कशा?”

“काठावर बसले, पाय सोडले, उतरले. ते उतरायचे तशी.”

“आणि वर कशा येणार?”

त्यांनी न निघालेल्या चौथ्या खांबावर थाप मारली. खड्ड्यात एक उपडं खोकंही ठेवलेलं होतं. बाई सगळा विचार करून उतरली होती.

“सरा, मी करते,” मी म्हटलं.

“तू पलंगावर पड.”

“मी?”

“मग कुणासाठी केलाय तो? जा. पड म्हटलं की पडायचं.”

त्यांनी मामांचे पाय धरून खड्ड्यात सोडले आणि काखेत हात घालून त्यांना काठावर बसतं केलं. एका झटक्यात, कुंथल्याशिवाय. मामा त्यांच्या खांद्याला टेकून मागावर बसायचे तसे बसले. उजवा पाय नुसता लोंबत होता. डावा हलायला लागला. खाली दाब, वर उचल, खाली दाब. खाली पावडी नव्हती, आत्तींची मांडी होती.

“लाथा मारू नका. म्हाताऱ्याला शोभंल असं वागा जरा,” आत्ती म्हणाल्या.

“छ्या,” मामा म्हणाले. तो छ्या मला कळला. त्यात हसू होतं.

मी मधल्या खोलीत, दाराशी लावलेल्या पलंगावर पडले. डोकं उशाला, टाचा पायथ्याला. जागा ना उरली ना कमी पडली. पोटात शांत होतं. बऱ्याच वेळानं मी हाक दिली.

“आत्ती.”

“ऊं?”

“पट्टी मुद्दाम धुतलीत ना?”

पाण्यात फडकं पिळल्याचा आवाज आला.

“कोरं कापड आटतं, हे कोष्ट्याच्या बाईला तू सांगायला पायजेस व्हय?” त्या म्हणाल्या. “जन्म गेला माझा खळीत. त्यांना मी पलंगावर जाऊ देणार नव्हते. माझा बाप अजून डोळ्यापुढनं हलत न्हाई.”

“पण मला दिवस गेलेत हे ठाऊक असतं तर?”

“ठाऊक हुतं. दोन महिने तुला कावळा शिवला न्हाई. एका घरात राहून मला कळायचं न्हाई व्हय?” त्यांनी फडकं झटकलं. “म्हणूनच तर धुतली, पण जाळली न्हाई. जाळली असती तर त्यानं परत माप घेतलं असतं. आणि पलंग तर व्हायला पायजे हुता. तुला.”

मी उठून बसले. राग यावा की काय यावं, मला कळेना. एवढे दिवस मी मुकाट्यानं ओझं उचलत होते आणि ही बाई सगळं जाणून गप होती.

“मग काल माझ्या पोटात कळ येईपर्यंत थांबलात?”

“खड्ड्याचं मला कालच सुचलं,” त्या म्हणाल्या. आवाज पडला होता. “त्यांना जमीन पायजे, तुला पलंग पायजे, एवढंच ठाऊक हुतं. मधे करायचं कुणी, ते ध्यानात येत नव्हतं. माझे गुडघे हे असले. तू खाली बसून रडलीस आणि तुझ्यामागं दारातनं मला खड्डा दिसला. आता पड की बाई. नातवंड काय मला वरचेवर घावणार हाय?”

मी पडले. आणि पुढचे सगळे महिने पडत राहिले, दिवसातनं दोनदा, त्यांच्या हुकमानं. उरलेला वेळ स्वयंपाक, धुणं, पेज गाळून खड्ड्याच्या काठाशी नेऊन देणं. उचलायचं काही नाही. आत्ती सकाळी उतरायच्या, दुपारी जेवायला वर यायच्या, परत उतरायच्या. हे पाळीवरनं आले की खड्ड्याशी उकिडवे बसून दोघांशी गप्पा मारायचे. पलंग आखूड केल्याचं त्यांच्या मनातनं कधी गेलं नाही. आत्तींनी त्यांना सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बायकांचं काही बायकांतच बरं असतं.

त्या पलंगावर माझी रोहिणी झाली. मामांना दाखवायला तिला त्यांच्या डाव्या हाताशी नेली. त्यांनी तिच्या तळपायाला बोट लावून बघितलं आणि हळू आवाजात छ्या म्हणाले.

ती पालथी पडायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. दुपारी तिला पाजता पाजता मला पलंगावर डोळा लागला. आत्ती खड्ड्यात होत्या. मामांना काठावर बसवून त्या भरवत होत्या. “घ्या, एवढा घास,” असं काहीतरी झोपेत मला ऐकू येत होतं.

जागी झाले तेव्हा उन्हं पार भिंतीवर गेली होती. पोरगी कुशीत गाढ होती. आत्ती तशाच उभ्या होत्या. मामांना त्यांनी मागं जमिनीवर निजवलं होतं. त्यांचा डावा पाय आत्तींच्या हातात होता. त्या तळव्यावरनं हात फिरवत होत्या.

“उठलीस?” त्या हळूच म्हणाल्या. “पोरगी उठंल, हळू बोल. ते गेले.”

“कधी?”

“मघाच. तुझा डोळा लागला आणि थोड्या वेळानं.”

मी पलंगावरनं उतरले. एवढा वेळ ही बाई एकटी उभी होती, मेलेल्या नवऱ्याचा पाय हातात घेऊन, आणि मी दोन हातांवर झोपले होते.

“आत्ती, मला हाक का नाही मारलीत?”

त्यांनी मामांचं धोतर पोटरीपर्यंत नीट ओढलं.

“हाक कशाला मारायची?” त्या म्हणाल्या. “ते खालीच हुते की.”